सेत व्हिलन नव्हताच! (केन क्रॉनिकल्सवाल्या पोस्टला उत्तर, लांबलंय)

वाचनवेडी_बोरिवली
काल तात्या_पेठकर यांची पोस्ट वाचली आणि रात्री दोन वाजेपर्यंत डोक्यात तेच, म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: तात्यांच्या नातवाने सुट्टीत केन क्रॉनिकल्सच्या (रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाची प्राचीन इजिप्तच्या देवांवरची मुलांची मालिका) तिन्ही भागांचा फडशा पाडला, तात्यांनी पहिल्या भागाची साठ पानं वाचली आणि निकाल दिला. हे म्हणे पर्सी जॅक्सनचंच (त्याच लेखकाची ग्रीक देवांवरची मालिका) पीठ, फक्त पिरॅमिडच्या साच्यात घातलेलं, एका प्राचीन धर्माची चाललेली टिंगल, आणि घरात एवढी पुराणं असताना पोरांनी सेत हा व्हिलन देव आणि अपोफिस हा महासर्प यांच्या नादी लागायचं कशाला.

साठ पानं, तात्या. साठ.

पहिलं, पीठ तेच नाहीये. पर्सीत देव हे आईबाप असतात. इथे देव माणसाच्या अंगात येऊन राहतो, आणि कार्टर-सेडी या भावाबहिणीला ठरवावं लागतं की अंगातल्या देवाला किती मोकळं सोडायचं. अंगात येणं म्हणजे काय हे आपल्याकडे जत्रेला गेलेल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. माणसाचा 'बा' म्हणजे आत्मा पक्षी होऊन फिरतो, खरं नाव ज्याच्या हातात त्याच्या हातात तुम्ही, हे सगळं खरोखर तिकडचंच आहे. आयसिस देवीने रा या सूर्यदेवाच्या थुंकीत माती कालवून साप केला, त्यालाच डसवला आणि उतारा देते पण आधी नाव सांग म्हणाली, ही गोष्ट माझ्या लेकाने मला जेवताना सांगितली, वय वर्षं अकरा.

दुसरं, टिंगल. अहो ते स्वतःच करायचे! होरस आणि सेतच्या दाव्याची गोष्ट तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) आहे. चुलता सेत आणि पुतण्या होरस यांचं गादीवरून भांडण (महाराष्ट्राला जास्त समजवायला नको), ऐंशी वर्षं केस चालू, देवांचं पंचमंडळ निकाल देईना, रा रुसून आडवा पडला. मग सेत म्हणतो दगडाच्या नावा करू, शर्यत लावू. होरसने लाकडाची नाव करून वरून गिलावा मारला. सेतने खरंच डोंगराचा माथा तोडून नाव केली आणि ती बुडाली. तात्या, हे कुणी अमेरिकन मास्तरने नाही लिहिलेलं.

आणि सेत व्हिलन? शवपेट्यांवरच्या मंत्रांत हाच सेत रा च्या नावेत पुढे उभा राहून त्या अपोफिस सापाला भोसकतो. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस, त्याच्या बापाचं नाव सेती, म्हणजे सेतचा माणूस. वाईट माणसाचं नाव कोणी पोराला ठेवतं का? पुढे परकीयांच्या स्वाऱ्या झाल्या, वाळवंट आणि परक्यांचा देव म्हणून तो नकोसा झाला. पुस्तकात सेत नक्की कोणत्या बाजूचा हा घोळ शेवटपर्यंत ठेवलाय तो उगाच नाही.

तात्या_पेठकर
साठ पानांवरून टोमणा मारायचा तर मारा, भात शिजला की नाही बघायला एक शीत पुरतं. टिंगलीचं उत्तर दिलंत, पण खरा मुद्दा टाळलात. थोथ, विद्येचा देव, राहतो कुठे? मेम्फिसला. कुठल्या? इजिप्तच्या जुन्या राजधानीत नाही, अमेरिकेत टेनेसीतल्या! जादूगारांचं घर ब्रुकलिनला, सेतचा लाल पिरॅमिड ॲरिझोनात. नाईल सोडून देव सगळे अमेरिकेत सेटल झालेत, आमच्या सोसायटीतल्या पोरांसारखे. हे नातवाने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं बरं का. उद्या विठोबाला न्यू जर्सीला नेतील तेव्हाही म्हणा मुलं वाचतायत ना मग झालं.

उगाच_बोलतो
विठोबा ऑलरेडी न्यू जर्सीत आहे तात्या, मेव्हण्याकडे एकादशीला दिंडी असते, पार्किंग लॉटमधून.

निशाचर
मला तात्यांच्यापेक्षा वेगळ्या कारणाने राग येतो. ही मुलं जादूगार का? तर आईबापांकडून आलेलं नार्मर आणि रामसेस या दोन फॅरोंचं (इजिप्तच्या राजांचं) रक्त. झालं! म्हणजे तिकीट घरातच. कष्ट करणारा, लिपी शिकणारा, पपायरस घासणारा पोरगा दुय्यम, आणि राजघराण्यातला आला की तीन महिन्यात सगळ्यांचा लीडर. आमच्या तालुक्यात हे सिनेमाशिवाय फुकट बघायला मिळतं. मी अकरा वर्षं एका संस्थेत शिकवलं, मुख्याध्यापक कोण झाला विचारू नका, आडनाव पाटीवर आधीच होतं.

वाचनवेडी_बोरिवली
निशाचर, दुसऱ्या भागात जगभरातून मुलं येतात शिकायला, एक मुलगी तर ब्राझीलची आहे.

निशाचर
आणि त्यांच्यात काय असतं म्हणून बोलावलं त्यांना?

वाचनवेडी_बोरिवली
...फॅरोंचं रक्त. बरं. हा मुद्दा तुमचा. आनंद झाला?

निशाचर
खूप.

बडोद्याची_सून
तुमचं चालू द्या, मला फक्त पुस्तकावर एक चांगलं बोलायचंय. कार्टर बापासारखा काळा, सेडी आईसारखी गोरी, आणि हे सख्खे भाऊबहीण आहेत यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. माझ्या दोघींचं सेम आहे. धाकटीला पाहुणे तोंडावर विचारायचे ही कुणावर गेली गं. तिने ते पान मला वाचून दाखवलं, काही बोलली नाही, नुसतं वाचून दाखवलं. मग आम्ही इथल्या म्युझियममधली ममी बघायला गेलो, दोन तास. लग्न होऊन आल्यापासून म्युझियमच्याच बागेत भेळ खायला शंभरदा गेले असेन, ममी पहिल्यांदा बघितली.

आता गंमत. त्याच पुस्तकावरून तिने शाळेसाठी चार्ट केला, वर ठळक अक्षरात आयसिस, खाली सिंहासन डोक्यावर घेतलेली बाई. चार्ट सुकायला गॅलरीत लावला. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी! वहिनी जरा आत येऊ का. त्या माणसाला ही अतिरेकी संघटना नाही, देवी आहे हे समजवायला मला अर्धा तास लागला, तरी जाताना म्हणाले, इसिस लिहा ना मग, आयसिस कशाला.

मोडीवाला
इसिसही चूक आणि आयसिसही चूक. दोन्ही ग्रीकांनी वाकवलेली नावं आहेत. ती बाई असेत. ओसायरिस नाही, उसिर. थोथ म्हणजे जेहुती, अनुबिस म्हणजे इन्पू. जगातला निम्मा गोंधळ ग्रीकांच्या उच्चारांनी केलाय आणि आपण मराठीत तो इंग्रजांच्या तोंडून घेतो, म्हणजे उष्ट्याचं उष्टं.

उगाच_बोलतो
तुम्ही होतात का तिथे असेत म्हणायला?

मोडीवाला
नव्हतो, आणि तिथेच तर खरी अडचण आहे. चित्रलिपीत स्वर लिहीतच नाहीत, व्यंजनं फक्त. मधला ए अभ्यासकांनी सोयीसाठी घातलाय. खरा उच्चार शोधायचा तर कॉप्टिक या नंतरच्या इजिप्शियन भाषेकडे जावं लागतं, तिथे एसे असं सापडतं. शांपोलियन या फ्रेंच अभ्यासकाला १८२२ मध्ये लिपी उलगडली ती नुसत्या रोझेटामुळे (एकच मजकूर चित्रलिपीत आणि ग्रीकमध्येही कोरलेला दगड) नाही, गडी कॉप्टिक शिकलेला होता.

अप्पा_सातारकर
म्हणजे आपल्या मोडीसारखंच की, स्वर नाहीत, अंदाजाने वाचायचं.

मोडीवाला
कोणी सांगितलं मोडीत स्वर नाहीत??? हे असलं अर्धवट ज्ञान पसरवूनच मोडीचं वाटोळं झालंय. मोडीत काना, मात्रा, वेलांटी सगळं आहे. ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडून लिहीत नाहीत एवढंच. रेघ आधी ओढायची आणि हात न उचलता लिहीत सुटायचं. वाचता येत नाही म्हणून लिपीला नावं ठेवायची ही सातारी पद्धत असेल.

अप्पा_सातारकर
साताऱ्यावर यायचं नाही. आमच्या पणजोबांचं मोडी खरेदीखत मी तीन जाणकारांकडून वाचून घेतलं, तिघांनी पैसे घेतले आणि तीन वेगळ्या गावांची नावं काढली. जमीन अजून सापडतेय आम्हाला. तुमची लिपी तुम्हाला लखलाभ.

मोडीवाला
वाचणारे बोगस होते. स्कॅन पाठवा, फुकट वाचून देतो.

उगाच_बोलतो
चौथं गाव येतंय 🍿

निशाचर
धागा सेतवर होता ना?

अप्पा_सातारकर
होता. मला त्या पुस्तकातलं एवढंच आवडलं की सुरुवातीलाच बाप ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन रोझेटा फोडतो. १८०२ पासून ठेवून बसलेत, वेळेत परत दिला असता तर फुटला नसता. वाघनखांवर मी आज बोलणार नाही, मागच्या वेळी धागा बंद पडला होता.

तात्या_पेठकर
माझ्या मूळ प्रश्नाला कोणीच हात लावलेला नाही. सगळे हुशार, मोडी येते, कॉप्टिक येते. आपल्या पुराणांचं काय? नातवाला अम्मित माहीत आहे, मगरीचं तोंड, सिंहाची छाती, पाणघोड्याचं बूड. मेल्यावर काळीज पिसापेक्षा जड निघालं की ती गिळते, हे तो धडाधडा सांगतो. चित्रगुप्त कोण विचारलं तर म्हणतो गुगल करतो.

वाचनवेडी_बोरिवली
तात्या, चित्रगुप्त त्याला कोणी सांगितला? मी भांडायला नाही विचारत. आमच्याकडेही कोणी सांगितला नव्हता. काळीज तोलायची गोष्ट वाचून लेकानेच विचारलं, आई आपल्याकडे हिशेब कोण ठेवतं, तेव्हा मी चित्रगुप्त सांगितला आणि मधेच अडकले, कारण मला त्याची वही सोडून काहीच माहीत नव्हतं. सासूबाईंना फोन लावला. पाऊण तास स्पीकरवर यम, वैतरणी, गायीची शेपटी. त्या पुस्तकाने पुराण बाहेर हाकललं नाही, आमच्या घरात तर उलट झालं.

आणि त्रास नाहीच असं म्हणत नाहीये मी. त्यात खुफू नावाचं एक बबून आहे, ते फक्त ओ ने संपणारे पदार्थ खातं. पंधरा दिवस आमच्याकडे टोमॅटो, मँगो आणि पोटॅटो एवढंच चालू होतं. पोहे केले तर म्हणे चालत नाहीत. पोहो म्हण, मग खातो.

बडोद्याची_सून
पोहो 😂😂 इथे चेवडो आणि हांडवो बोला, बबूनला वर्षभर पुरेल. बडोद्यात पाठवून द्या त्याला.

मोडीवाला
अवांतर: अप्पांनी स्कॅन पाठवला. चारही ओळी वाचल्या. गावाचं नाव कागद फाटलाय तिथेच आहे. त्या तिघांनी काय वाचलं देव जाणे.

अप्पा_सातारकर
मान्य. पैसे परत मागतो त्यांच्याकडे. लिपीला नाव ठेवलं ते मागे घेतो, साताऱ्याचं तुम्ही मागे घ्या.

मोडीवाला
घेतलं. स्वर असतात हेही एकदा लिहा.

अप्पा_सातारकर
असतात बाबा असतात.

तात्या_पेठकर
ताई, चित्रगुप्ताचं मला लागलं थोडं. मीही सांगितला नव्हता, शाळेत सांगत असतील असं धरून चाललो होतो. अमेरिकेबद्दलचं मत कायम आहे, नोंद घ्यावी. आणि साठ नाही, आता एकशे चाळीसावर आहे. नातवाने दुसरा भाग लपवून ठेवलाय, पहिला संपवल्याशिवाय मिळणार नाही म्हणतो. तुमच्या त्या सेतला अजून काही मी चांगला म्हणणार नाही, त्या पोरांच्या बापाला पेटीत घातलंय त्याने.

निशाचर
तात्या, शेवटी तो सेत आहे ना तो म्हणजे

वाचनवेडी_बोरिवली
निशाचर, एक अक्षर पुढे टाइप केलंत तर बघा.

मोडीवाला
सेत नाही, सुतेख.