हापूसची माहिती फुकट ठेवायची, तर साइट चालवायची कशी?

कातळसडा (देवगड)
आमच्या साइटवर हापूस-काजू बागायतीचे १२० लेख, ४० व्हिडिओ. सगळं मोफत, लॉगिन नको, कुणीही छापावं नि वाटावं. मोहर-तुडतुड्याच्या (मोहरावरची कीड) दिवसांत वाचकांची झुंबड, पावसात शुकशुकाट. जाहिराती घ्याव्यात की देणगी मागावी? परवाना कोणता लावावा? नफा नको, वर्षाचा खर्च निघाला तरी पुरे.

गडगा (राजापूर)
आधी खर्च खाली आणा. डोमेनला वर्षाला हजारभर रुपये. साधी स्थिर पानं गिटहब पेजेसवर फुकट राहतात. खड्डा पाडतो तो व्हिडिओ. सेकंदाला १ मेगाबिट धरला तर दहा मिनिटांचे ७५ एमबी होतात, म्हणजे हजार जणांनी पाहिला की ७५ जीबी. हे स्वतःच्या सर्व्हरवरून वाहू नका. यूट्यूबवर ठेवा, मूळ फाइल इंटरनेट आर्काइव्हवर. मग खर्च उरतो तो माणसाच्या वेळेचा, कारण फवारणीचं पान दर हंगामात तपासावंच लागतं.

जाहिरातींचं म्हणाल तर तीन-चार महिन्यांच्या गर्दीवर बारा महिने निघत नाहीत. त्यात तुडतुड्याच्या लेखाशेजारी कीटकनाशकाची जाहिरात झळकली की बागायतदार लगेच विचारणार, हे औषध लेखकानं सुचवलं की दुकानदारानं? प्रायोजक घ्यायचाच तर पतसंस्था, शीतगृह किंवा पेट्या बनवणारा घ्या. करारात लिहा: नाव पानाच्या तळाशी, मजकुरात ढवळाढवळ नाही, आणि एकाकडून वर्षखर्चाच्या पावपटीहून जास्त नाही. नाहीतर तो हटला की साइट बसली.

खाजणकाठ (मालवण)
पैसे मागूक लाज कित्याक? फक्त मागायची वेळ चुकवू नका. बागायतदाराच्या हातात पैसा वर्षातून एकदाच येतो. त्याला दरमहा ५० रुपये सांगितलेत तर ऑगस्टपासून हप्ते परत यायला लागतील. जूनमध्ये, पेट्यांचा हिशेब मिटल्यावर, एकरकमी मागा. चाकरमान्याचं उलट. त्याच्यासाठी यूपीआय ऑटोपे लावा, तारीख ५ ते ७ ठेवा. १ तारखेला अनेकांचा पगारच जमा नसतो, शिल्लक नसली की व्यवहार फसतो. नव्या चाकरमान्यांना जोडून घ्यायला गणपती नि शिमगा, तेव्हा सगळे गावात असतात.

क्यूआर कुणाच्या खासगी खात्याचा लावू नका. पहिल्याच वर्षी "पैसे गेले कुठे" सुरू होतं. वेगळं खातं आणि जमाखर्चाचं एक पान साइटवरच.

दुसरी वाट हातानं शिकवायच्या कामाची. कोय कलम कसं बांधायचं हे फुकट वाचता येतं, पण पाचर नीट बसवायला कुणीतरी शेजारी उभं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये २० जणांची कार्यशाळा, ५०० रुपये शुल्क, म्हणजे १० हजार. त्यातून कोयी, डोळकाड्या (कलमाला लागणाऱ्या काड्या), चहा-जेवण वजा करा. मार्च ते मे ठेवू नका, काढणी सोडून कोण येणार?

बावखोल (वेंगुर्ले)
परवाना: क्रिएटिव्ह कॉमन्स (मजकूर खुला वाटण्याचे तयार परवाने) यातला बाय-एसए ४.०. 'व्यापारी वापर नको'वाला एनसी आकर्षक वाटतो, पण मग विक्रीच्या दिवाळी अंकालाही दरवेळी तुमची वेगळी परवानगी लागेल, आणि विकिपीडियाला तो मजकूर चालतच नाही. बाय-एसएमध्ये कुणी छापून विकलं तरी श्रेय द्यावं लागतं, फेरफार केले तर तेही त्याच परवान्यात सोडावे लागतात. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून प्रत्येक लेखकाची लेखी संमती आधी घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतली माहिती वापरा, वाक्यं उचलू नका. त्यांच्या पुस्तिकेवर तुमचा परवाना लागू होत नाही.

कातळसडा
आभार. फवारणीचं भिंतीवरचं कॅलेंडर छापून विकावं म्हणतो. आणि ८०जी, म्हणजे देणगीदाराची आयकर सवलत?

गडगा
कॅलेंडर जरूर विका, पीडीएफ मात्र फुकटच राहू दे. शिफारशी बदलतात, छापल्याची तारीख ठळक टाका, कोपऱ्यात ताज्या पानाचा क्यूआर द्या. जादा प्रती काढू नका, हंगाम सरला की ती रद्दीच.

८०जीसाठी आधी नोंदणीकृत संस्था लागते. नव्या करप्रणालीत देणगीदाराला ती सवलत मिळत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर फार पळापळ नको. प्रायोजकाकडून जाहिरातीच्या बदल्यात मिळालेल्या रकमेची देणगी पावती फाडू नका, त्याला बिल द्या.