मदत हवी आहे: जुनी बाइक घेतोय, चाकं एका रेषेत नाहीत, रविवारच्या आत सांगा

खाडीपलीकडचा
जुनी गाडी बघून आलो. मागून पाहिलं तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत नाही. सरळ रस्त्यावर हँडल किंचित डावीकडे वळलेलं राहतं. मालक म्हणतो चेन टाइट करताना झालंय. माझा मेकॅनिक म्हणतो चेसी (गाडीचा सांगाडा) आउट आहे, म्हणजे वाकलीय, हात लावू नको. रविवारी टोकन द्यायचंय, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे. घेऊ की नको एवढंच सांगा.

चौदाचा_पाना
गाडी कुठली, कितवं मॉडेल, टायरची मापं काय, मेकॅनिकने दोरी लावली की नुसतं वाकून बघितलं? यातलं काहीच लिहिलं नाहीत. दुसरं गिऱ्हाईक तेवढं लिहिलंत.

धयकालो
पयले टायर बघ रे. एका बाजून झिजलेलो टायर आसात तर गाडी वडतलीच. चेसीक कित्याक दोष देतस?

खाडीपलीकडचा
पल्सर १५०, २०१७. पुढे ८०/१००-१७, मागे १००/९०-१७. टायर चांगले आहेत. दोरी नाही लावली, डोळ्यांना स्पष्ट दिसतंय.

चौदाचा_पाना
डोळ्यांवर जाऊ नका. साइड स्टँडवर कललेली कुठलीही गाडी मागून वाकडीच दिसते.

गवंड्याची लाइनदोरी आणा. चिऱ्याच्या अंगणात नको, कोबा किंवा फरशी असेल तिथे गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करा, एकाने धरायची. मेन स्टँडचे पाय दोरीच्या आड येतात, म्हणून तो नको. साइड स्टँड वर. दोरी मागच्या टायरला मागून वेढून दोन्ही टोकं पुढे न्या, जमिनीपासून १०-१२ सेंमीवर. पुढे दोन विटांना बांधा आणि विटा हळूहळू आत सरकवा. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकली की थांबा. टेकली म्हणजे टेकली, दाबली गेली की माप चुकलं.

आता पुढचं चाक दोन्ही दोऱ्यांना समांतर करा आणि डावी-उजवी फट पट्टीने मोजा. मागचं टायर १००, पुढचं ८०, म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१० मिमी यायला हवी. टायरच्या खऱ्या रुंदीत एक-दोन मिमी इकडेतिकडे होतं, ते सोडून द्या. मापं इथे टाका, मग बोलू.

लेथवाले_काका
एवढा खटाटोप कशाला? चेसी वाकली असेल तर प्रेसवर घेऊन सरळ करता येते. शॉकअपच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्याही होतात. स्वस्तात मिळत असेल तर घ्या.

चौदाचा_पाना
काका, नळी सरळ होते, पण वाकलेल्या जागी क्रोमला बारीक भेगा जातात. घाटावर ते वर्षभर खपेल. इथे खाऱ्या हवेत त्या भेगेतून गंज वर येतो, गंज ऑइल सील कापतो आणि तेल गळून पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर येतं. चेसीचं तर बोलूच नका. गॅसने तापवून सरळ केलेल्या जोडाचा भरवसा कोण देणार?

लेथवाले_काका
तापवतो कोण? थंडच दाबतात. आणि नळी लेथवर फिरवून डायल गेज लावला की ती किती आउट आहे ते आकड्यात कळतं. अंदाजपंचे नाही.

वाशिष्ठीकाठ
पुरातली गाडी नाही ना ते आधी बघा. चिपळूणला जुलै २०२१ ला पाणी भरलं तेव्हाच्या गाड्या अजून फिरतायत. हेडलाइटच्या काचेत आतून चिखलाची रेघ, सीटखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, मीटरच्या आत धुकं.

चौदाचा_पाना
प्रश्न चाकांच्या रेषेचा आहे हो.

खाडीपलीकडचा
दोरी लावली. मालक वैतागला होता. डावीकडे ४, उजवीकडे १६. म्हणजे चेसी गेली ना?

चौदाचा_पाना
घाई नको. ४ आणि १६ मिळून २०, म्हणजे टायरच्या रुंदीतला फरक बरोबर जुळला. दोरी नीट लागलीय, आकड्यांवर विश्वास ठेवता येईल.

पुढचं चाक दोऱ्यांच्या मध्यापासून ६ मिमी डावीकडे आहे. म्हणजेच मागचं चाक उजवीकडे तोंड करून बसलंय. आता हिशोब करा. चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, त्याच्या दोन बाजूंतलं अंतर साधारण २० सेंमी, दोन चाकांतलं १३२ सेंमी. मागचा एक्सल (चाकाचा आस) एका बाजूला फक्त १ मिमी मागे गेला, तर पुढच्या चाकापाशी तोच फरक साडेसहा मिमी होतो. तुमचे ६ मिमी एवढ्यानेच निघतात. मालक खरं बोलत असेल.

चिमट्यावरच्या खुणा बघून चेन टाइट करतात तिथेच हे होतं. त्या खुणा कारखान्यातूनच शंभर टक्के जुळलेल्या नसतात, आणि अॅडजस्टरची पट्टी वाकली असेल तर विषयच संपला. चिमटा चेसीला ज्या बोल्टवर बसतो त्याच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. उजवीकडे सायलेन्सर असल्याने टेप सरळ बसत नाही. मोडक्या छत्रीची लांब काडी घ्या, तिचं टोक बोल्टच्या मध्यावर टेकवा, एक्सलच्या मध्यावर काडीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. तीच काडी दुसऱ्या बाजूला लावा. टेपची कड किती चुकते तेवढा फरक. आकडा लागतच नाही.

धयकालो
छत्रयेची काडी! मे म्हयन्यात मोडकी छत्री खंय गावतली? पावस सुरू झालो की ढीगभर.

घाटमाथा_७२
चौदाचा_पाना यांचं बरोबर, पण अर्धंच. मागचं चाक सरळ झाल्यावर दोरी परत लावा. फट ८-१२ च्या आत आली तर ठीक. तरीही ६ मिमी राहिले तर चाक आडवं सरकलेलं आहे, म्हणजे एक्सलवरचा स्पेसर (अंतर राखणारी रिंग) चुकीच्या बाजूला बसवलाय किंवा चिमटा वाकलाय. आणि दोरीत न दिसणारी एक गोष्ट असते: पिळ. गाडी दुसऱ्याला धरायला सांगून चार पावलं मागे बसा, दोन्ही चाकांच्या कडा उभ्या एकमेकींशी जुळतात का बघा. एक चाक उभं आणि दुसरं कललेलं असेल तर पुढे काही बघूच नका, निघा.

मागच्या स्प्रोकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) दातही हात लावून बघा. एकाच बाजूला घासून चकाकत असतील तर चाक बरेच महिने तिरकं आहे. मग चेन सेटचे पैसे किमतीतून वळते करून घ्या.

खाडीपलीकडचा
उजवीकडे १ मिमी मागे होतं. सरळ केलं. आता ९ आणि ११. पण हँडल अजून डावीकडेच. चाक सरळ केलं की हँडल तिरकं!!

घाटमाथा_७२
मग ही दुसरी भानगड. मुठी बघू नका, हँडलची नळीच वाकलेली असू शकते. टाकीवर बसून वरची टी (शॉकअपच्या दोन नळ्या धरणारा आडवा भाग) आणि पुढचं चाक यांची रेषा बघा. टी तिरकी दिसली तर दोन नळ्या टीमध्ये फिरल्यात. थांबलेली गाडी आडवी पडली तरी हे होतं, अपघातच हवा असं नाही.

पुढचं मडगार्ड, एक्सलचं नट आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करा. वरच्या टीचे नळ्यांवरचे बोल्ट सोडू नका, नळ्या सरकून गाडी खाली बसेल. चाक गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल उजवीकडे झटका देऊन सरळ करा. पुढचा ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे नळ्या आपसूक समांतर बसतील. मग एक्सल, मग टी, मडगार्ड शेवटी.

सहज सरळ झालं आणि तसंच राहिलं तर उत्तम. खूप जोर लागला, किंवा मडगार्डची भोकं परत जुळेनात, तर नळी वाकलीय. नळी वाकते ती खालच्या टीच्या लगेच खाली. तिथे स्टीलची पट्टी उभी टेकवून मागून टॉर्च मारा. उजेड झिरपला तर वाकली. नळी चारही बाजूंनी बघा, एका बाजूने वाकलेली नळी दुसरीकडून सरळच दिसते.

चौदाचा_पाना
हँडलच्या मानेखाली चेसीवर स्टॉपर असतो तोही बघा. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून मूठ आणि टाकी यांतली फट दोन्हीकडे सारखी हवी. स्टॉपर चेपलेला किंवा वेल्ड केलेला असेल तर गाडी जोरात आपटलीय. त्याच जागी चेसीच्या खालच्या नळीवर बोट फिरवा. समोरून धडक बसली की तिथे रंगाला सुरकुत्या पडतात.

नवीन काळा रंग दिसला म्हणून मात्र घाबरू नका. आपल्याकडे पावसाळ्याआधी चिमटा, स्टँड, चेसीच्या खालच्या नळ्या रंगवतातच. रंग खालीच असेल तर गंजासाठी. मानेच्या जोडावर आणि चेसी नंबराभोवतीच असेल तर विचारा कशासाठी.

नोंदणी_सल्ला
नंबरपाटी कुठली? एमएच-०७ (सिंधुदुर्ग) असेल तर मालकी बदलायला फॉर्म २९, ३०. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५ लागेल.

खाडीपलीकडचा
जीए-०३. मालक बांद्याला राहतो. हँडल सरळ झालं, जोर लागला नाही. नळीत उजेड नाही. स्टॉपर डाव्या बाजूला जरा चेपल्यासारखा वाटतोय. टोकन देऊन आलो.

नोंदणी_सल्ला
गोव्याची गाडी आणि हे आत्ता सांगता? तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) लागेल, फॉर्म २८. बारा महिन्यांहून जास्त इकडे ठेवायची तर इथला नंबर आणि इथला टॅक्स. आरसीत गाडी भाड्याची होती का तेही बघा. भाड्याच्या गाडीची काळी पाटी-पिवळे आकडे उतरवून नंतर पांढरी पाटी केलेल्या असतात.

चौदाचा_पाना
'जरा चेपल्यासारखा' म्हणजे किती? उजवीकडे हँडल कुठे थांबतं, डावीकडे कुठे, दोन्हीकडची टाकीपासूनची फट मिमीमध्ये मोजा. आणि फोटो उजेडात काढा.

धयकालो
टोकन दिल्याची पावती घेतलंस?