किट कारवाल्यांनो, तुमची गाडी कुणाकुणाच्या भरवशावर चालते?

कंपनीतून तयार होऊन आलेल्या गाडीचं एक बरं असतं. मॉडेल आणि साल सांगितलं की पुढचं सुट्या भागांच्या काउंटरवरचा माणूस बघून घेतो. किट कार म्हणजे सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडलेली गाडी, तिचं साल सांगून त्याला काय कळणार? चासी (खालचा सांगाडा) एका कारखान्याची, इंजिन भंगारात निघालेल्या फोर्डचं, स्टीअरिंग रॅक तिसऱ्याच गाडीचा आणि वायरिंग ज्याने जोडलं त्याच्या डोक्यात!

या प्रकाराची सुरुवातही मजेशीर आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार १९५७ साली आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स (खरेदी कर) लागायचा, सुट्या भागांच्या संचावर नाही. मग लोक गाडी खोक्यांत आणायचे आणि घरी जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. करबचत संपली, हौस मात्र टिकली.

गाडी जोडण्यावर भरपूर लिहिलं जातं, त्यामुळे इथे ते नको. जोडून झाल्यावर पुढे गाडी चालती कशी ठेवलीत आणि त्यात किट कारच्या दुसऱ्या एखाद्या मालकाने तुम्हाला नेमकी काय मदत केली, ते लिहा. ‘सगळे फार मदत करतात हो’ एवढ्यावर भागवू नका. कोणता बोल्ट, कोणतं माप, कोणी काय विचारलं, ते येऊ द्या.

*

माझी फायबर बॉडीची, कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती. डावा इंडिकेटर दिला की मागचा ब्रेकचा दिवा मिणमिणायचा आणि पेट्रोलचा काटा त्याच तालात हलायचा. बल्ब, होल्डर, फ्लॅशर सगळं बदलून झालं. शेवटी अशीच गाडी असलेल्या एका काकांना फोन लावला. त्यांनी दिव्याबद्दल काही विचारलंच नाही.

‘मल्टिमीटर व्होल्टवर ठेव. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मागच्या दिव्याच्या अर्थला, म्हणजे परतीच्या तारेला. आता दिवा लाव आणि आकडा सांग.’

सव्वा व्होल्ट.

‘तिथं जवळपास शून्य पाहिजे. करंटला परतीची वाट मिळत नाहीये, म्हणून तो शेजारच्या दिव्यातून घुसतोय.’

पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची तार ओढावी लागते. माझ्या गाडीत मागच्या सगळ्या तारा एका बोल्टखाली आणल्या होत्या आणि तो बोल्ट चासीच्या पावडर कोटिंगवरच, म्हणजे वीज न नेणाऱ्या रंगाच्या थरावरच, आवळलेला होता. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कोटिंग खरवडलं, दातेरी वॉशर घातला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस थापलं. दिवे शहाणे झाले. काकांनी मग सगळ्या तारा तांब्याच्या एका पट्टीवर आणून तिथून जाड केबल थेट बॅटरीला न्यायला लावली. दिव्यांची तक्रार घेऊन कुणीही आलं की मीही आता आधी आकडाच विचारतो.

*

छोटीशी भर. फोर्डचा टाइप ९ गिअरबॉक्स असेल तर ऑइल काढायचा प्लग शोधत गाडीखाली पडून राहू नका. तो नाहीच. भरायच्या भोकातून नळी घालून पंपाने ओढायचं. मला हे एका मालकिणीने सांगितलं, तेही हसून हसून. तिचा पंप अजून माझ्याकडेच आहे, ती हे वाचत असेल तर आणून देते.

*

माझ्या आधी या गाडीचे दोन मालक होऊन गेले. जोडणाऱ्याची वही मिळाली, पण मधल्या मालकाने काय काय केलं त्याचा पत्ता नव्हता. ब्रेकचं पेडल जरा मऊ लागत होतं, म्हणून एका अनुभवी मालकाला बोलावलं. मला वाटलं, ते पेडल दाबतील, मी निपल उघडेन, तासाभरात हवा काढून मोकळे. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारलं, ‘आत ब्रेक ऑइल कुठलं आहे?’

नेहमीचं डॉट ३, डॉट ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलचं असतं, हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून दर दोनेक वर्षांनी बदलायचं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं. नावात ५.१ च्या इतकं जवळ, पण दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या आणि हौशी गाड्यांत लोक सिलिकॉन घालतात, कारण ते रंगावर सांडलं तरी रंग उचलत नाही. ते सहसा जांभळट असतं, पण माझं जुनं होऊन नुसतं मळकट दिसत होतं. मग त्यांनी एका बाटलीत पाणी घेतलं, वर चमचाभर ऑइल ओतलं आणि हलवून ठेवलं. ग्लायकॉल असतं तर पाण्यात विरघळलं असतं. आमचं थोड्या वेळाने वर वेगळं तरंगायला लागलं. सिलिकॉन! माझ्या हातात डॉट ४ ची नवी बाटली तयार होती.

त्या दिवशी ब्रेकला हातच लावला नाही. नंतर सिलिकॉन उपसून, सगळी सीलं आणि होज बदलून ग्लायकॉलवर आलो. आता ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर ऑइलचं नाव आणि बदलल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी आहे. पुढच्या मालकासाठी.

*

हत्यारांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आमच्यातल्या चौघांनी मिळून चाकांखाली ठेवायचे वजनकाटे घेतले. एकट्याला परवडले तरी वर्षातून एकदा लागणारी वस्तू कोण घेणार?

सेव्हनच्या जातीची गाडी जेमतेम पाच-साडेपाचशे किलो असते. म्हणजे चालवणारा बसला की एकूण वजनातला सातवा-आठवा हिस्सा तोच, आणि तोही एका बाजूला. माझी गाडी ब्रेक मारला की पुढचं एकच चाक घासत न्यायची. काटे घेऊन एकजण आला, सोबत व्हिनाइलच्या फरश्यांचे तुकडे. आधी जमीन पातळीत आहे का ते पाहिलं आणि सखल कोपऱ्यातल्या काट्याखाली एकेक तुकडा सरकवला. टायरची हवा सारखी केली, अँटी-रोल बारचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) दुवा सोडला, पेट्रोलची टाकी अर्धी, आणि माझ्या सीटवर माझ्या वजनाची वाळूची पोती.

डुगडुगत्या टेबलासारखा प्रकार निघाला. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळूनच बराचसा भार घेत होते, उरलेले दोन कोपरे नावाला. एका स्प्रिंगची खालची बैठक वर फिरवली की त्या कोपऱ्यावरचं आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरचं वजन वाढतं. पुढे किती, मागे किती ही वाटणी त्याने बदलत नाही, फक्त कर्ण बदलतो. बैठक अर्धा फेरा फिरवायची, गाडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं, पुन्हा आकडे वाचायचे. संध्याकाळपर्यंत दोन्ही कर्ण जवळपास सारखे आले. ब्रेकमध्ये हात न घालता चाक घासायचं थांबलं.

*

थोडा विरोधी सूर लावतो. मदत म्हणजे नेहमी शहाणपण असं नाही. मी वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटरच्या जोडीसाठी जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तोट्यांचे) नंबर विचारले तर जितकी माणसं तितके नंबर आले, आणि प्रत्येकाचा आपापल्या इंजिनावर बरोबर. कॅमशाफ्ट वेगळा, एअर फिल्टर वेगळा, तर त्यांचे जेट माझ्या काय कामाचे? दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का ते पाहायचं फ्लो मीटर एकाने वापरायला दिलं, त्याचा उपयोग दहा सल्ल्यांपेक्षा जास्त झाला.

आणि ब्रेक, स्टीअरिंग, चाकाचे नट यांवर फोटो बघून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. फोटोत टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळलाय ते, दिसत नाही.

*

रोव्हरचं के सिरीज इंजिन असलेले कुणी आहेत का? कूलंट थोडं जरी कमी झालं तरी लगेच कारण शोधा, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) जाण्याबद्दल त्या इंजिनाची ख्याती काही उगाच नाही. आमच्या ग्रुपमध्ये ठरलेला पहिला प्रश्न: कूलंटमधली हवा काढताना गाडीचं नाक वर उचललं होतं का?

ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी चासी जिथे टेकतात तिथे पांढरी भुकटी दिसली तर तीही सोडू नका. दोन धातू आणि ओलावा, मग ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. रिव्हेट काढून मध्ये इन्सुलेटिंग पेस्ट लावून पुन्हा बसवले.

*

एक अडचण आहे. अल्टरनेटरचं पुलीकडचं बेअरिंग घरघरतंय. अल्टरनेटर कोणत्या गाडीचा ते कळायला मार्ग नाही, लेबल गेलंय आणि जोडणाऱ्याचा पत्ता नाही. नवा अल्टरनेटर घेतला तर ब्रॅकेटही नवं बनवावं लागेल. काय करू?

*

गाडीचं नाव शोधूच नका. बेअरिंग काढा, कडेवर नंबर कोरलेला असेल. पुसला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजा. १७, ४७, १४ मिलिमीटर आलं तर ते ६३०३, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा, म्हणजे २आरएस. काढताना पुली सैल झाली नाही तर जोर करू नका, माझ्याकडे पुलर आहे. आकडे इथेच टाका.