मदत हवी: सलग आकडे जोडताना शेवटचा आकडा गायब होतोय

उंटावरचा_शहाणा:
यादी आहे १,२,३,७,८,९,१०,१५ अशी आणि हवंय १-३, ७-१०, १५. लूप लिहिला पण १-३, ७-१० एवढंच येतं, १५ कुठे जातो तेच कळत नाही, सकाळपासून डोकं फिरलंय, आजच द्यायचंय, लवकर सांगा.

कोडगा:
भाषा कुठली? कोड कुठंय?

उंटावरचा_शहाणा:
पायथनच की. कोड साधाच आहे, आकडा मागच्यापेक्षा एकने जास्त असेल तर पुढे जायचं, नसेल तर आधीचा गट छापून नवीन सुरू.

मधुरा_के:
गट छापला जातो कधी, मध्ये खंड पडला की. १५ च्या पुढे खंड पडणार कुठून, यादीच संपली. लूपमधून बाहेर आल्यावर हातात उरलेला गट एकदा छाप. यादी रिकामी असेल तर काय तेही बघ.

कोडगा:
लूप कशाला पाहिजे पण? पायथनच्या इटरटूल्समधलं ग्रुपबाय वापर, लागोपाठचे सारखे असतील ते एका गटात टाकतं. प्रत्येक आकड्यातून त्याचा यादीतला क्रमांक वजा करायचा, सलग असतील त्यांची वजाबाकी सारखीच येते. ४,५,६,९ मधून ०,१,२,३ वजा केले की ४,४,४,६. दोन ओळींत काम खलास.

निवांत:
जागा वाचवायची तर फाइल झिप कर ना सरळ.

मधुरा_के:
जागेचं कोण बोललं इथे?

उंटावरचा_शहाणा:
ग्रुपबायचा कोड नेटवरून उचलला, लॅम्डापाशीच, म्हणजे त्या बिननावाच्या छोट्या फंक्शनपाशी, सिंटॅक्स एरर.

कोडगा:
पायथन २ चा असणार. तेव्हा लॅम्डाच्या कंसात जोडी सुटी करून घेता यायची, ३ मध्ये ते काढून टाकलं. जोडीला एकच नाव दे आणि आतले दोन ० आणि १ इंडेक्सने काढ.

मधुरा_के:
म्हणूनच साधा लूप बरा. आणि तुझ्या त्या युक्तीत एखादा आकडा दोनदा आला की ४,५,५,६ चं ४-५, ५-६ होतं.

कोडगा:
सेट केलं की दुसरा ५ उडतो, मग सॉर्ट. एवढं काय त्यात.

उंटावरचा_शहाणा:
लूपचं जमलं, १५ आला. पण खऱ्या फाइलवर १, १०-१२, २-३ असं येतंय!! सॉर्ट तर केलंय, इंटसुद्धा (पूर्णांक) केलंय लूपमध्ये.

मधुरा_के:
फाइल आहे हे आत्ता सांगतोयस होय! फाइलमधून वाचलेलं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतं, आणि स्ट्रिंग म्हणून सॉर्ट केलं की १० हा २ च्या आधीच येणार. आधी इंट, मग सेट, मग सॉर्ट, मग लूप. ००७ सारखे काही असतील तर पुढची शून्यं जातील, ती लागणार असतील तर आत्ताच बोल.

शीटवाले_काका:
एक्सेलमध्ये घेणार असाल तर सेल आधी टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर ३-५ ची तारीख करून टाकतं ते. माझ्या अख्ख्या शीटची वाट लावली होती त्याने.

कोडगा:
उणे आकडे असले तर? -३--१ असलं कोण वाचणार?

उंटावरचा_शहाणा:
उणे नाहीत, शून्यंपण नाहीत. चाललं एकदाचं!! ७,८ असे दोनच असतील तर ७-८ लिहू का ७,८?

कोडगा:
७-८.

मधुरा_के:
७,८. तीन झाल्याशिवाय डॅश नको.

नवखा_आहे:
मला २,४,६,८ असे आकडे जोडायचेत, याच कोडने होईल का?

मधुरा_के:
म्हणजे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं) २-८/२ लिहितात तसं? वेगळा धागा काढ, आणि भाषा पहिल्याच ओळीत लिही.