मुंबई–लंडन विमानप्रवास नेमका किती तासांचा धरायचा? (बाबांच्या इन्सुलिनसाठी मदत हवी आहे)

आई-बाबा सप्टेंबरअखेरीस पहिल्यांदाच माझ्याकडे लंडनला येताहेत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. बाबा ७१ वर्षांचे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. त्यांचे डॉक्टर म्हणाले, "विमानात एकूण किती तास ते पक्कं सांगा, मग मी डोसच्या वेळा लिहून देतो." तेवढंच मला पक्कं सांगता येत नाहीये.

मुंबई ते हीथ्रो अंतर नेटवर सुमारे ७,२०० किमी दिसतं. ताशी ९०० चा वेग धरला तर आठ तास झाले. तिकिटावर मात्र इकडे येताना दुपारी १ ला सुटून संध्याकाळी ६.३० ला पोचतं, आणि परत जाताना रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला. दोन्हीकडे साडेचार तासांचा फरक धरून मी जाता-येता दहा-दहा तास काढलेत. बरोबर आहे का? आणि हे आठ तासांचे दहा कुठे होतात?

प्रतिसाद १:
येतानाचे दहा बरोबर, परतीचे चुकलेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे डिसेंबरात फरक साडेपाच तासांचा असतो. साडेचौदातून साडेपाच गेले, उरले नऊ.

७,२०० किमी हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेघ बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. तिकीट भारतीय कंपनीचं असेल तर अरबी समुद्रावरून वळसा आलाच. शिवाय त्या उंचीवर वारं बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं. येताना ते तोंडावर, परतताना पाठीशी. तिकिटावरचे तास गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतचे असतात, त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते.

प्रतिसाद २:
ताई, माझ्या आईला असंच आणलं होतं, म्हणून सांगतो. डॉक्टरांना नुसते विमानातले तास कळवू नका. विमानतळावर तीन तास आधी जायचं, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, दोन्हीकडचा घरापर्यंतचा प्रवास, हे सगळं मिळून पंधरा-सोळा तास सहज होतात. आणि इकडे येताना त्यांचा दिवस साडेचार तासांनी लांबतो, परतताना साडेपाचाने आखडतो. डोसच्या दृष्टीने हेच जास्त महत्त्वाचं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं वापरायचं नसतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. आईच्या हातातलं घड्याळ आम्ही घरी पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं होतं, त्यामुळे तिचा गोंधळ झाला नाही.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. परतीचा तो एक तास माझ्या लक्षातच आला नव्हता, चुकीचा आकडा कळवून बसले असते. आता घरापासून घरापर्यंतचे तास मांडते. एकच राहिलं: रात्री ९ च्या विमानात जेवण सुटल्यावर साधारण किती वेळाने येतं? बाबांना इन्सुलिननंतर लगेच खावं लागतं. कुणाला अनुभव असेल तर सांगा, म्हणजे आजच डॉक्टरांना लिहिते.