बंदराचं पाणी तपासायचं की गाळ?

दांडियाबाजारकर: सुट्टी लागली की बडोद्याची मराठी मंडळी गेटवेवरून घारापुरीला निघतात. तिथल्या धक्क्याचं पाणी तपासून बंदर स्वच्छ ठरवणं मला हास्यास्पद वाटतं. भरती-ओहोटीनं पाणी बदलतं. तांबं, शिसं बारीक चिखलाला चिकटून तळाशी बसतं. फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत होड्यांच्या बुडाला लावायच्या ट्रायब्युटिलटिनच्या रंगानं कालवांची पैदास बसली. १९८२ मध्ये तिथं छोट्या होड्यांवर तो रंग बंद केला. जागतिक बंदीचा करार लागू व्हायला २००८ उजाडलं. पर्यटकांच्या बंदरात गाळतपासणी सक्तीचीच हवी.

मांडवीवाला: आली सक्ती! काका, आकडा वाचणार कोण? अमेरिकेतून आलेल्या एका प्रचलित निकषात किलोभर गाळात ३४ मिलिग्रॅम तांबं ही सावधगिरीची रेषा. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात मुळातच शंभराच्या आसपास असतं. म्हणजे एकही लाँच न चालवता मुंबई नापास, आणि पाय कुणाच्या पोटावर? लाँचवाल्याच्या.

दांडियाबाजारकर: म्हणून तर तांब्याचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढतात. खडकातून आलेलं असेल तर दोन्ही बरोबरीनं चढतात, होड्यांच्या रंगातून आलेलं तांबं एकटंच. शिवाय ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून उतरलेला गाळच घ्यायचा. वाळू आली की आकडा उगाच खाली येतो.

रावपुऱ्याची मावशी: नळी खोल खुपसून जुना थर काढा ना, वरच्याशी ताडून बघा.

मांडवीवाला: मावशी, धक्क्यापाशी लाँचचे पंखे दिवसभर गाळ घुसळतात. थर शाबूत राहतील कसे?

रावपुऱ्याची मावशी: बरं, तेवढं मान्य. पण ड्रेजिंगचं, म्हणजे गाळ उपसण्याचं काय? तळाच्या काळ्या चिखलात ऑक्सिजन नसतो तोवर धातू गंधकाशी बांधलेले राहतात. उपसून हवा लागली की सुटायला लागतात. आपल्या बडोद्याच्या सुरसागर तलावात वर्षानुवर्षं गणपती विसर्जन झालं, ते रंग तळाशीच गेले असणार. उद्या तलाव उपसायचा ठरला तर गाळ कुणाच्या दारात टाकणार, हे आधी विचारायला नको?

मांडवीवाला: उपसण्याआधी तपासा, माझी ना नाही. दरवर्षीची तपासणी लाँचवाल्याच्या माथी मारायला विरोध आहे.

दांडियाबाजारकर: त्याच्या माथी कशाला? तिकिटात दोन रुपये घाला.

मांडवीवाला: काका, गल्ल्यावर बसून बघा एकदा. दोन रुपयांवरून किती भांडतात ते!