मदत हवी आहे: ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने सायकल कशी न्यावी?

नमस्कार. डिसेंबरमध्ये कुडाळहून वेंगुर्ले, मालवण अशी सायकलफेरी करण्याचा विचार असून, त्यासाठी स्वतःची सायकल ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने न्यायची आहे. सायकलीला मोफत सामानाची सवलत नसते आणि तिकिटावर ‘लगेज’ म्हणून नोंदवल्यास ती त्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून (सामानाच्या डब्यातून) जाते, एवढे ठाऊक आहे. मात्र ठाण्याला गाडी काही मिनिटेच थांबत असल्याने तेवढ्यात सायकल खरोखर चढवली जाते का, की सीएसएमटीहूनच नोंदणी करावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. मागे एकदा मी पुढे पोहोचलो आणि सायकल फलाटावरच राहिली, म्हणून ही धास्ती. शिवाय डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा नाजूक भाग) जपायला पुठ्ठा पुरतो, की गोणपाट शिवून घ्यावे?